बॅट बॉय जगताप सर

बॉलपार्कमध्ये नोकरी करणाऱ्याकडे किस्से कधी साठत जातात, त्याचं त्यालाच कळत नाही. पाऊस आला की मॅच थांबते. ग्राउंडवर ताडपत्री पसरली जाते आणि ऑफिसातले आम्ही सगळे स्टोअररूममध्ये कालचे पॉपकॉर्न खात बसतो. तासभर पाऊस म्हणजे तीन-चार किस्से नक्की! आणि ओहायोत समरमध्ये पाऊस काही कमी पडत नाही.

मी शुभदा. कोलंबसजवळ डब्लिनला राहते. एका मोठ्या इन्शुरन्स कंपनीत होते, लेऑफ झाला, आणि दुसरं मिळेपर्यंत काहीतरी हवं म्हणून तासाभरावरच्या एका छोट्या बेसबॉल टीमच्या ऑफिसात लागले. ते दुसरं अजून मिळायचंय. आमची टीम अगदी तळातली. खेळाडू विशीतले, पगार नावापुरता. कोणाची ड्यूटी कधी, कोणाच्या आयडी कार्डावर कोणतं पद, हे सगळं माझ्याकडे.

लोकांना वाटतं माझे किस्से खेळाडूंचे असतील. पण माझ्याकडचे सगळ्यात चांगले किस्से आमच्या बॅट बॉयचे आहेत.

बॅट बॉयचं वय, सहासष्ट!

*

बॅट बॉय म्हणजे दिनकर जगताप. कराडजवळच्या एका हायस्कूलचे रिटायर्ड हेडमास्तर. आम्ही मराठी माणसं त्यांना सरच म्हणतो.

बायको सुमन गेल्यावर मुलीनं, स्मितानं, त्यांना इकडे आणलं. स्मिता आणि तिचा नवरा दिवसभर ऑफिसात, नात शाळेत. सर ड्राइव्ह करत नाहीत. ते राहतात माझ्याच सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलनीत. तिथे फुटपाथ छान आहेत, त्यावर माणूस मात्र दिसत नाही. सर सकाळी एक चक्कर मारायचे, दुपारी एक, आणि दोन्ही वेळा मेलबॉक्स उघडून बघायचे. त्यांना कोण पत्र पाठवणार होतं इथे?

स्मिता एकदा म्हणाली, "शुभदाताई, बाबांना तुमच्याबरोबर न्या ना. चार माणसं तरी दिसतील."

नेलं. सर स्टँडमध्ये बसून सराव बघायचे. त्याच सुमाराला आमचा शाळकरी बॅट बॉय पिझ्झाच्या दुकानात जास्त पैसे मिळतात म्हणून सोडून गेला. सीझन तोंडावर. जनरल मॅनेजर क्रेग माझ्या टेबलाशी आला.

"तुझ्याबरोबर येतात ना ते गृहस्थ... त्यांना वाकता येतं का?"

घरी जाताना मी सरांना भीत भीत सांगितलं. बेसबॉलमध्ये खेळाडू चेंडू मारला की बॅट जागच्या जागी टाकून पळतो. ती उचलून आणायला एक जण लागतो. बहुतेक शाळकरी पोरगा असतो, म्हणून बॅट बॉय.

"बॉय म्हणजे पोऱ्या ना?"

"हो सर, पण इथे तसं कोणी धरत नाही."

"पळावं लागेल?"

"थोडंसं."

सर खिडकीबाहेर मक्याच्या शेतांकडे बघत होते. मग म्हणाले, "प्रमोशनच म्हणायचं! हेडमास्तरला कुठे कोणी पळू देतं?"

*

मे महिन्यात आमच्या मराठी ग्रुपचा पॉटलक होता, प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा. सर प्लेट घेऊन एका कोपऱ्यात उभे. एका काकूंनी विचारलं, "सर, हल्ली दिसत नाही तुम्ही. काय करता दिवसभर?"

सरांच्या आधी स्मिताच बोलली. "बाबा स्पोर्ट्स ऑपरेशन्समध्ये आहेत."

"अय्या! म्हणजे नक्की काय करतात?"

सर अगदी शांतपणे म्हणाले, "खेळाडू बॅट टाकून पळतो. ती उचलायची. ते माझं खातं."

मग कोणीतरी घाईघाईनं म्हणालं, "खिचडी मस्त झालीये हं!"

निघताना ड्राइव्हवेमध्ये स्मिता रडायलाच लागली. "बाबा, अख्खा तालुका तुम्हाला सर म्हणतो. आणि इथे लोक हसतात. आईला काय वाटलं असतं?"

मी गाडीची किल्ली शोधायचं नाटक करत उभी होते.

सर म्हणाले, "तुझी आई आमच्याच शाळेत शिकवायची. शाळेत सर म्हणायची, तीच सवय घरी. लग्न झालं, तू झालीस, तरी सरच. मी म्हणायचो, अगं नावानं हाक मार की. नुसती हसायची. शेवटच्या दिवशीसुद्धा म्हणाली, 'सर, लाईट बंद करता का, डोळ्यांवर येतोय.'"

स्मितानं डोळे पुसले.

"माझ्या घरात मला अरे-तुरे करणारं कोणी नव्हतंच, स्मिता. तिथे ती पोरं लांबून ओरडतात, 'हे मॅन!' बरं वाटतं गं."

*

आमचे बॅटिंग कोच रेमंड. काळे, उंच, साठीच्या पुढचे, मूळचे अलाबामाचे. पहिल्या दिवसापासून ते सरांना हाकच मारायचे नाहीत. काही हवं असेल तर उठून जवळ जायचे आणि बोटानं दाखवायचे. मला वाटलं, काहीतरी बिनसलंय.

मी विचारलं, तर माझ्यावरच उखडले.

"त्याच्या कार्डावर ते लिहिलंस तू?"

"ते पदाचं नाव आहे, कोच. सगळीकडे हेच म्हणतात."

रेमंड खाली बसले. म्हणाले, "मी लहान असताना वडिलांबरोबर पेट्रोल भरायला गेलो होतो. पंपावरचा गोरा पोरगा मिसरूडही न फुटलेला. माझ्या वडिलांना म्हणाला, 'बॉय, गाडी पुढे घे.' वडिलांचे केस पांढरे झाले होते तेव्हा. त्यांनी गाडी पुढे घेतली. घरी येईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही." मग म्हणाले, "पांढऱ्या केसांच्या माणसाला मी त्या शब्दानं हाक मारणार नाही. माझी नोकरी गेली तरी चालेल."

मी हे सगळं सरांना मराठीत सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यांना विचार, मला काय म्हणायला आवडेल त्यांना?"

मी विचारलं. रेमंडना प्रश्नच कळेना. त्यांच्या दृष्टीनं त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

"काय म्हणणार? माझ्यापेक्षा मोठा माणूस आहे. सर म्हणेन!"

आम्ही दोघं इतके हसलो की रेमंड बिचारे गोंधळून गेले. त्यांना वाटलं, त्यांचंच काही चुकलं.

हसता हसता सरांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

*

सरांची नात तन्वी, आठ वर्षांची. शाळेत 'घरातलं कोण काय काम करतं' हे सांगायचा दिवस होता. आई-बाबा मीटिंगमध्ये, म्हणून ती आजोबांना घेऊन गेली. गाडीनं सोडायला मी होते, मागे उभी राहिले. सर टीमची जर्सी घालून, हेल्मेट काखेत धरून वर्गात उभे.

तन्वीनं इंग्लिशमध्ये ओळख करून दिली. "हे माझे आजोबा. हे बॅट बॉय आहेत."

एक पोरगा म्हणाला, "पण ते बॉय नाहीत."

तन्वी म्हणाली, "माझी आजी गेली ना, तेव्हापासून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतायत."

घरी आल्यावर सरांनी मला विचारलं, "मघाशी ती काय म्हणाली गं? मला नीट कळलं नाही."

मी सांगितलं, "आजोबा बेस्ट आहेत, असं म्हणाली."

*

तळातल्या टीममध्ये एक गोष्ट नेहमी होते. खेळाडूला रिलीज करतात. म्हणजे काढून टाकतात. सकाळी बोलावून सांगतात, दुपारी त्याच्या लॉकरवर दुसऱ्याचं नाव.

एमिलिओ डोमिनिकन रिपब्लिकचा. इंग्लिश जेमतेम. सरांशी त्याची गट्टी कशी जमली, देव जाणे. हा स्पॅनिश बोलायचा, सर मराठी. त्यानंच सरांना सांगितलं होतं की त्याच्या भाषेत बॅट बॉयला 'रेकोहेबातेस' म्हणतात. बॅटी गोळा करणारा, बस. सरांना तो शब्द फार आवडला. "बघ शुभदा, यांच्या शब्दात वय नाही!"

जुलैत एमिलिओचा हात दुखावला, मग बॅटिंग बिघडली. एका सकाळी क्रेगनं मला आणि सरांना आधीच सांगून ठेवलं. "त्याला मी अकराला बोलावणार आहे. सर, रॅकमधून त्याच्या बॅटी काढून ठेवा."

सरांनी बॅटी काढल्या. एकेक टॉवेलनं पुसली, मऊ कापडात गुंडाळली, बॅगेत नीट ठेवली. शाळा सोडून जाणाऱ्या पोराचं दप्तर भरावं तशी.

एमिलिओ केबिनमधून बाहेर आला आणि पार्किंगमधल्या बाकावर बसला. एअरपोर्टला न्यायची गाडी यायची होती. सर त्याच्या शेजारी जाऊन बसले. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन गेले, तेव्हा त्याच्या हातात फोन होता आणि पलीकडे त्याची आई होती. ती काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा तेच. त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

त्यानं फोन सरांकडे दिला. "यू. प्लीज."

सरांनी फोन कानाला लावला. घसा साफ केला. आयुष्यभर पालकांना निकाल सांगितलेला माणूस तो!

"नमस्कार," सर स्वच्छ मराठीत म्हणाले. "मी जगताप बोलतोय. तुमचा मुलगा चांगला आहे. खूप मेहनत करतो. खोटं बोलत नाही. आता जेवलाय. दोन दिवसांत घरी येईल. त्याला काही विचारू नका."

मग त्या बाई हळूहळू काहीतरी बोलल्या, बराच वेळ. सर मध्ये मध्ये "हो... हो..." म्हणत होते.

सरांनी फोन परत दिल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"मला काय कळणार?" सर म्हणाले. "पण आईचा आवाज आहे. ऐकून घ्यावा."

*

ऑगस्टमध्ये एका मुलीनं बॅट बॉयसाठी अर्ज केला. मग ऑफिसात चर्चा सुरू झाली. रेमंडनीही तोच मुद्दा लावून धरला होताच. शेवटी क्रेगनं जाहीर केलं, आजपासून बॅट बॉय हा शब्द बंद. सगळ्यांच्या कार्डावर 'बॅट अटेंडंट'. मला तर आनंदच झाला. सरांचं कार्ड मी सगळ्यात आधी बनवलं आणि स्वतः डगआउटमध्ये, मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बसायच्या जागेत, घेऊन गेले.

"सर, पोऱ्याचे अटेंडंट झालात! अभिनंदन!"

सरांनी कार्ड हातात घेतलं. वाचलं. परत माझ्या हातात दिलं.

"हे नको मला."

"का हो सर? किती चांगला शब्द आहे!"

"चांगलाच आहे. पण पुण्याला हॉस्पिटलमध्ये सुमन होती, तेव्हा माझ्या गळ्यात हेच होतं. पेशंटचा अटेंडंट. स्पीकरवर पुकारायचे, जगताप पेशंटचे अटेंडंट काउंटरवर या. की मी जिन्यानं धावायचो, लिफ्टची वाट न बघता. औषध आणा, रक्त आणा, सही करा. रात्रभर बाकावर बसायचो, तरी पुकारलं नाही तर बरं वाटायचं."

ते हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होते.

"शेवटच्या दिवशी सगळं आवरून खाली आलो. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं हात पुढे केला. म्हणाला, पास द्या काका, आता लागणार नाही."

मी कार्ड खिशात टाकलं.

"मला बॉयच राहू दे, शुभदा. अटेंडंट होतो मी. झालं ते."

क्रेगला मी काय सांगितलं ते इथे सांगत नाही. पण आमच्या टीममध्ये आज सगळे बॅट अटेंडंट आहेत आणि एक बॅट बॉय आहे.

*

सरांचे थोरले भाऊ, अण्णा, कराडला असायचे. वडील लवकर गेले, म्हणून अण्णांनी शाळा सोडली, गिरणीत पीठ दळलं आणि धाकट्याला शिकवलं. लहानपणी नदीकाठच्या मोकळ्या जागेत अण्णा बोलिंग टाकायचे आणि दिनू बॅटिंग करायचा. अण्णांना स्वतःला बॅटिंग कधी मिळाली की नाही, कोण जाणे.

आता अण्णा अंथरुणाला खिळलेले. कानानं कमी. सकाळी आम्ही गाडीनं बॉलपार्कला निघायचो तेव्हा तिकडे संध्याकाळ. सर फोन स्पीकरवर लावायचे आणि अण्णांचा मुलगा संजय त्यांच्या कानाशी धरायचा.

नोकरी लागल्यावर सरांनी त्यांना सांगितलं, "अण्णा, मी इथे टीममध्ये बॅट बॉय आहे."

अण्णांना 'बॅट' आणि 'टीम' एवढंच ऐकू आलं.

"टीमकडून खेळतोस?" अण्णा ओरडले. "या वयात? अमेरिकेच्या?"

"खेळत नाही अण्णा. खेळणाऱ्यांना मदत करतो!"

"रनर आहेस होय? अरे, दुसऱ्याचे रन काय काढतोस? स्वतः खेळ की!"

सरांनी दोन-तीनदा समजावून बघितलं. संजयनंही बघितलं. पण तोवर अण्णांनी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून टाकलं होतं. दूधवाल्याला, डॉक्टरांना, शेजारच्या पोरांना. आमचा दिनू अमेरिकेत खेळतो! संजय म्हणाला, "काका, बऱ्याच दिवसांनी जेवले हो ते नीट. राहू द्या."

राहू दिलं. मग रोज गाडीत तेच चालायचं.

"दिनू, काल किती?"

"बावीस, अण्णा."

"आउट कसा झालास?"

"बोल्ड."

"पाय हलला नसेल तुझा. लहानपणापासून सांगतोय!"

सर म्हणायचे, "हो अण्णा. उद्या हलवतो." मी स्टिअरिंग धरून समोर बघत राहायचे. हायस्कूलच्या पोरांना कॉपी केली म्हणून वर्गाबाहेर काढणारा माणूस, रोज सकाळी माझ्या गाडीत खोटा स्कोर सांगायचा. कधी अठरा, कधी तीस. फार मोठा कधी सांगितला नाही. अण्णांना खरं वाटलं पाहिजे ना!

सीझनचा शेवटचा रविवार. दुपारची मॅच. स्टँड अर्धं रिकामं. माझ्या फोनवर संजयचा कॉल आला, कारण डगआउटमध्ये सरांना फोन ठेवता येत नाही.

"शुभदाताई, काकांना देता का? डॉक्टर म्हणतात आजची रात्र कठीण आहे. अण्णा दुपारपासून बोलले नाहीत. पण ऐकू येत असेल, म्हणाले."

मी नियमबियम न बघता थेट डगआउटमध्ये गेले. रेमंडनी माझा चेहरा बघितला आणि स्वतः उठून सरांच्या जागी उभे राहिले. सर मागच्या बोळात आले. हेल्मेट तसंच डोक्यावर. फोन दोन्ही हातांनी धरला.

"अण्णा, मी दिनू."

काही नाही. नुसता श्वास, खरखरीत.

"अण्णा, मॅच चालू आहे. मध्येच आलोय." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "अण्णा... आज शंभर झाले."

बाहेर लोक कशाला तरी टाळ्या वाजवत होते. संजय हळूच म्हणाला, "काका, डोळे उघडलेत त्यांनी."

आम्ही थांबलो. श्वास चालला होता, थांबत, पुन्हा चालत. आणि मग अण्णा बोलले. अगदी बारीक, पण एकेक अक्षर स्पष्ट.

"बॅट उचललीस का रे?"

सर भिंतीला टेकले.

"हो अण्णा," ते म्हणाले. "उचलली."